जाळीवरच्या बरगड्या : आच आणि वेळ

स्वयंपाकाला शास्त्र म्हणावयास आपण सहसा तयार नसतो. वास्तविक प्रत्येक पदार्थामागे काही नियम असतात. अमेरिकेत डुकराच्या बरगड्या ओव्हनमध्ये जाळीवर भाजण्याची जी रीत आहे, तिच्या आधारे हे नियम पाहण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे.

प्रथम मांसाचा विचार करू. बरगड्यांभोवतीच्या स्नायूंना श्वासोच्छ्वासामुळे विश्रांती नसते. राबणाऱ्या स्नायूत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन अधिक असते. असे मांस प्रखर आचेवर घाईने भाजले, तर ते आकसते, त्यातील रस निघून जातो आणि चिवटपणा मात्र कायम राहतो. उलट आतील उष्णता ७० अंश सेल्सियसच्या वर पुष्कळ वेळ राहिली, तर कोलॅजेनचे हळूहळू जिलेटिन होते व मांस मऊ पडते. म्हणून हाडांकडचा पातळ पापुद्रा सोलून, मीठमसाला चोळून, सुमारे १२० अंशांच्या ओव्हनमध्ये बरगड्यांना चार-पाच तास देतात.

मग जाळी कशासाठी? बरगड्या थेट पत्र्यावर ठेवल्या, तर खालची बाजू सुटलेल्या रसात व चरबीत उकडत राहते. जाळीवर गरम हवा चोहोबाजूंनी खेळते, चरबी खालच्या ताटात निथळते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. हा कोरडेपणा महत्त्वाचा. ओल आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. खरपूस रंग आणि वास येतो तो अमिनो आम्ले व शर्करा यांच्या अभिक्रियेने. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले. शेवटी काही मिनिटे वरून ग्रिलची कडक आच देतात ती याचसाठी. गोड सॉसही तेव्हाच लावतात. आधी लावला तर त्यातील साखर करपते.

या पाककलेला इतिहासही आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात खड्ड्यातील निखाऱ्यांवर रात्रभर जागून मांस भाजण्याचे कष्ट बहुतांशी कृष्णवर्णीय गुलामांच्या वाट्याला येत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण कसब हातात राहिले. मेम्फिसकडून आलेल्या हेन्री पेरी या कृष्णवर्णीय गृहस्थाने १९०८ च्या सुमारास कॅन्सस सिटीत भाजलेले मांस विकण्यास आरंभ केला. त्या शहराच्या बार्बेक्यूचा जनक म्हणून आज त्याचे नाव घेतात.

आमच्या घरी ओव्हन नाही. मटण येते ते सणावारी, आणि त्यात हाडेच जास्त. आई चुलीतली लाकडे मागे ओढते, पातेल्यावर पाण्याचे ताट झाकते आणि म्हणते, "धग नको, दम लागतो त्याला." ती शाळेत गेलेली नाही. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिली. कोलॅजेन हा शब्द मला ग्रंथालयातल्या पुस्तकात भेटला. त्याला वश करण्याची रीत मात्र आईला माझ्या जन्माच्या आधीपासून येते.

मग तिला जे येते, त्याला ज्ञान म्हणावयाचे की नाही? माझ्या मते म्हणावयास हवे. पुस्तक कारण सांगते. कारण ठाऊक झाले की एका चुलीवरची रीत दुसऱ्या भट्टीलाही लावता येते. परंतु रीत आधी कोणीतरी धुरात बसून शोधलेली असते. त्यांची नावे पुस्तकात क्वचितच येतात. आपण शिकणाऱ्या मुलामुलींनी ती लिहावयास घ्यावीत, एवढेच मला सुचवावयाचे आहे.