परसबागेतही दोरी धरा

शहादा तालुक्यात पपई लावणारा शेतकरी खड्डे खोदण्याआधी दोरी धरतो. दोरीला सहा-सहा फुटांवर खुणा केलेल्या असतात, कुणाच्या सात फुटांवर. खूण येईल तिथेच खड्डा पडतो. केळी असो, मिरची असो, अंतर ठरल्याशिवाय वावरात रोप ठेवत नाहीत. आणि हाच माणूस घरी आला की कुंपणाला चिकटून तीन पपया, दोन पपयांच्या मध्ये शेवगा, शेवग्याच्या बुडाशी कढीपत्ता आणि उरलेल्या तुकड्यात मिरची, वांगी, टोमॅटो असं सगळं दाटीवाटीनं लावतो.

आमच्याही परसात तसंच होतं. त्यामागे लोभ नसतो. गल्लीतल्या कुणी हौसेनं रोप आणून दिलं तर नाही म्हणवत नाही. मोरीच्या कडेला आपोआप उगवलेला टोमॅटो उपटायला हात धजत नाही. जीव धरलेलं रोप काढू नये, अशी शिकवण आपल्या आई-आजीकडून आलेली. शिवाय मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे गेला की वाटतं, झाडं जवळजवळ असली तर एकमेकांना सावली देतील.

पावसाळ्यात परस हिरवंगार दिसायचं, टोपलीत मात्र फारसं पडायचं नाही. मिरची कमरेएवढी झाली, पण खोड काडीसारखं. फुलं लागायची आणि गळायची. आतल्या फांद्यांवर चार मिरच्या धरल्या तरी पावसाच्या झडीत कुजायच्या. खालची पानं पिवळी पडली म्हणून शेणखत घातलं, वर थोडा युरिया दिला. त्यानं झाडं आणखी उंच झाली आणि फळ होतं तेही कमी झालं. पपई तर पत्र्याच्या वर डोकं काढून उभी राहिली आणि वर शेंड्याला मुठीएवढी फळं.

माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अनेक वर्षं पपई केली आहे. एका संध्याकाळी परसात उभं राहून ते म्हणाले, "सूनबाई, वावरात आपण दोरी धरतो. मग दाराशी का नाही धरत?" एवढं बोलून त्यांनी एका खड्ड्यात लावलेली मिरचीची दोन रोपं ओल्या मातीतून हलकेच उपसली आणि बादलीत बुडवून मुळं धुतली.

ती मुळं मी हातात घेऊन पाहिली. दोन्ही रोपांच्या आतल्या बाजूला, जिथे ती एकमेकांना भिडली होती, तिथे मुळं आखूड आणि विरळ होती. जी काही वाढ होती ती बाहेरच्या अंगाला. खोडं शिसपेन्सिलीहून बारीक आणि पहिलं बेचकं गुडघ्याच्या उंचीवर. मग आबांनी नळाजवळचं एकटं मिरचीचं झाड दाखवलं. त्याच दिवशी, त्याच पुडीतल्या रोपांपैकी लावलेलं. त्याचं खोड अंगठ्याएवढं, बेचकं जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि खालपासून फळं. त्याला कुणी खत घातलं नव्हतं.

असं का होतं, हे समजून घेतलं की रोप काढताना हात अडत नाही. झाडं पाणी आणि खतासाठी तर झगडतातच, पण खरी चढाओढ उजेडासाठी असते. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गडद तांबडा प्रकाश परत फेकतं. शेजारच्या रोपाला हा परतलेला प्रकाश कळतो. सावली पडायच्या आधीच त्याला शेजारी असल्याची चाहूल लागते आणि ते फांद्या-फळांवर खर्च करायची ताकद उंचीवर खर्च करू लागतं. जे रोप एक-दोन दिवस आधी उगवलं ते वर निघतं आणि मागच्याचा उजेड अडवतं. म्हणूनच दाटीतली सगळी रोपं सारखी लहान राहत नाहीत, काही जोरात जातात आणि बाकीची खुरटतात. खत घातलं की ही शर्यत आणखी जोरात लागते. खतानं दाटी भरून निघत नाही, हे माझ्या परसानं मला दाखवलं.

जपानमध्ये तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. एका मर्यादेपुढे रोपांची संख्या कितीही वाढवली तरी त्या जागेतून मिळणारं एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं, फक्त प्रत्येक रोपाचा वाटा घटतो. हे वजन संपूर्ण झाडाचं, पाला-काडी धरून. आपल्याला हवं असतं फळ, आणि दाटीत सगळ्यात आधी मार फळालाच बसतो.

दाटीची सुरुवात बियाण्यापासून होते. एक ग्रॅममध्ये मिरचीचं साधारण दीडशे बी असतं, म्हणजे 10 ग्रॅमच्या पुडीत दीड हजार. घरच्या वापराला आठ-दहा झाडं पुष्कळ झाली, तरी लोक अख्खी पुडी एका घमेल्यात ओततात. रोपं केसांसारखी दाट उगवतात, बुडाशी हवा खेळत नाही, माती ओली राहते आणि एका रात्रीत घमेल्यातली निम्मी रोपं देठाशी कुजून आडवी होतात. यालाच रोपं कोलमडणं म्हणतात. ते बुरशीमुळे होतं, आणि ही बुरशी ओल आणि दाटी दोन्हीवर पोसते. रोपवाटिकावाले प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एका खळग्यात एकच बी टाकतात, तेही याच कारणानं. घरी ट्रे नसला तरी गादीवाफ्यावर चार-चार बोटांवर ओळी काढून पातळ बी टाकावं. उरलेलं बी वहिनीला द्या, शेजारच्या ताईंना द्या.

आता विरळणी. उगवून 12 ते 15 दिवस झाले, दोन-चार खरी पानं आली की ती करायची. वेळ संध्याकाळची, वाफा आधी भिजवलेला. मुळा, गाजर, भेंडी, गवार यांची नको असलेली रोपं उपटू नका, कात्रीनं मातीलगत कापा. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. मिरची, वांगी, टोमॅटोची जास्तीची रोपं दुसरीकडे लागतात, त्यामुळे ती मातीसकट अलगद काढावीत. मुळ्याची रोपं दुसरीकडे लावून उपयोग नाही, पण त्यांची कोवळी भाजी उत्तम होते. काढलेलं वाया जात नाही, हे एकदा मनाला पटलं की निम्मं काम झालं.

अंतरं मी परसापुरती सांगते. मिरचीच्या दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत दीड ते दोन फूट. भरताच्या वांग्याला अडीच ते तीन फूट. टोमॅटोला काठीचा आधार देणार असाल तर दोन रोपांत दीड फूट. भेंडी एकेक वीत. गिलकी, दोडकी, डांगर यांच्या आळ्यात चार-पाच बिया टाकाव्यात, पण पुढे दोनच वेल ठेवावेत. पपई सहा फुटांच्या आत नको. तैवानी संकरित पपईत नर झाड येत नाही, म्हणून खड्ड्यात एकच रोप पुरे. देशी बियाणं असेल तर दोन-तीन लावून फुलं येईपर्यंत थांबावं लागतं. लांब लोंबत्या देठावर फुलांचे झुपके येतील ते नर. दहा झाडांमागे एखादं ठेवून बाकीचे काढावेत. लिंबाला पंधरा ते वीस फूट लागतात, तेवढं परस नसेल तर लिंबू लावण्याआधी विचार करावा. कुंडीतही हाच न्याय. बाराइंची कुंडीत एक वांगं, दोन नाही.

मेथी, पालक, कोथिंबीर यांची गोष्ट वेगळी. ती कोवळी असताना काढायची म्हणून दाट चालतात. मका तर एका ओळीत विरळ लावला की कणसात दाणे कमी भरतात. परागकण वाऱ्यानं येतात, म्हणून तो चौकोनी तुकड्यात, ओळीला ओळ लावून घ्यावा.

इथे कुणी विचारेल, धडगावच्या डोंगरातल्या वावरात मका, ज्वारी, तूर, उडीद, चवळी, डांगर एकत्रच असतात, तिथे कसं पिकतं? सातपुड्यातली ही मिश्र शेती नीट बघण्यासारखी आहे. मका वर जातो आणि तीन-साडेतीन महिन्यांत निघतो. तूर सावकाश वाढते, तिचं मूळ खोल जातं, आणि मका काढल्यावर तिला मोकळं आभाळ मिळतं. चवळी मक्याच्या ताटावर चढते, डांगर जमीन झाकतं. प्रत्येकाची उंची वेगळी, मुळाची खोली वेगळी, काढणीची वेळ वेगळी. चढाओढ सर्वांत तीव्र असते ती एकसारख्या गरजा असलेल्या शेजाऱ्यांत. मिरचीला मिरचीच जास्त जाचते. म्हणून जागा थोडी असेल तर एकाच भाजीची वीस रोपं कोंबण्यापेक्षा वेगवेगळ्या भाज्या मिसळाव्यात. भिल्ल-पावरा बायांना हे सांगावं लागत नाही, आपणच त्यांच्याकडून शिकायचं आहे.

अलीकडे मियावाकी पद्धतीचं नाव घेऊन घराभोवती झाडं कोंबण्याची टूम आली आहे. अकिरा मियावाकी यांची पद्धत, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं, ही जंगल लवकर उभं राहावं म्हणून आहे. तिथे झाडांनी उंचीसाठी झगडावं आणि काहींनी मागे पडावं हेच अपेक्षित असतं. फळबागेला तो हिशेब लावू नये. आंब्याची अतिघन लागवडही होते, पण तिथे दरवर्षी छाटणी चुकवून चालत नाही. छाटणीला कात्री आणि माणूस दोन्ही असतील तरच त्या वाटेला जावं.

आणि ज्यांचं परस आधीच गच्च झालं आहे, त्यांनी सगळं एकदम साफ करू नये. आधी रोगट रोपं काढा, मग खुरटलेली, मग वाट अडवणारी. सावलीत वाढायला सवकलेल्या झाडांच्या शेजारची सावली एका दिवसात हटली तर कोवळ्या फळांना चटका बसतो, म्हणून हे काम आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं, शक्यतो ढगाळ दिवशी करा. आमच्याकडे निम्म्याहून अधिक मिरची काढली आणि राहिलेल्या झाडांनी पुढच्या बहरात खालपासून फांद्या फोडल्या.

मृगाच्या सरी पडायच्या आत परसात एकदा दोरी धरा, काठ्या रोवून खुणा करा, आणि खुणा असतील तेवढीच रोपं आणा. बी टाकाल त्याच दिवशी कॅलेंडरवर विरळणीची तारीखही लिहून ठेवा.