स्पॅनिशच्या वर्गाचे नियम आणि त्यांमागील विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेचे नवे वर्ष ऑगस्टच्या मध्यास किंवा सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते. त्या पहिल्या आठवड्यात हायस्कूलमधील जवळजवळ प्रत्येक विषयाचा शिक्षक विद्यार्थ्यांच्या हाती दोनतीन पानांचे एक पत्रक ठेवतो. वर्षभरात काय शिकविले जाईल, गुण कोणत्या हिशेबाने मिळतील, गृहपाठ उशिरा आल्यास काय होईल, वर्गात कोणती वही आणावयाची, या साऱ्या गोष्टी त्यात नमूद केलेल्या असतात. तळाशी दोन रेघा असतात. एकीवर विद्यार्थ्याची आणि दुसरीवर पालकाची सही व्हावी लागते.

मराठी वाचकास या पत्रकाचे थोडे नवल वाटेल. आपल्याकडे शालान्त परीक्षेचा अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका मंडळ ठरविते. तेथे राज्य सरकार शिक्षणाची सर्वसाधारण उद्दिष्टे आखून देते, स्थानिक शिक्षण मंडळ अभ्यासक्रम मान्य करते. परंतु वर्षाअखेरची श्रेणी देतो तो वर्गशिक्षकच. नववी ते बारावी या चार वर्षांतील श्रेणी पुढे विद्यापीठाच्या प्रवेशाच्या वेळी तपासल्या जातात. एका शिक्षकाच्या हाती एवढा अधिकार असल्यावर त्याचे नियम आधीच कागदावर आलेले बरे, हा त्यामागील साधा विचार होय. विषय कोणताही असो, पत्रक असतेच. स्पॅनिशच्या वर्गाचे पत्रक मात्र इतरांहून वेगळे असते, कारण तेथे नियम केवळ शिस्तीसाठी नसतात. वर्गात कोणती भाषा बोलावयाची, हाच मुळी पहिला नियम असतो.

स्पॅनिश पुढे आली कशी

आज तेथील शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या परकीय भाषांत स्पॅनिश सर्वांत पुढे आहे. नेहमीच तसे नव्हते. १९१५ च्या सुमारास हायस्कूलमधील जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थी जर्मन शिकत होते. पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. जर्मनविषयी एवढा रोष उसळला की १९२२ पर्यंत ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली गेले. नेब्रास्का राज्याने तर १९१९ साली लहान मुलांना इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकविणे हाच गुन्हा ठरविला. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द केला. जर्मनने सोडलेली जागा बव्हंशी स्पॅनिशने घेतली. स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९१७ साली, म्हणजे नेमकी याच काळात स्थापन झाली.

पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने गणित व विज्ञान यांच्या जोडीला परकीय भाषांसाठीही पैसा उपलब्ध करून दिला. कानाला श्रवणयंत्र लावून तीच ती वाक्ये घोकावयाच्या भाषा-प्रयोगशाळा याच काळात शाळाशाळांतून उभ्या राहिल्या. विद्यापीठांच्या अटींचाही हातभार लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी इंग्रजीखेरीज एका भाषेचा दोन वर्षांचा अभ्यास आवश्यक असतो. तीन वर्षे झाल्यास अधिक चांगले मानतात. त्यामुळे वर्गात बसलेल्या पुष्कळ मुलांना स्पॅनिशची ओढ असते असे नव्हे. अट पुरी करण्यासाठी आलेलीही बरीच असतात आणि पत्रक लिहिताना शिक्षकाच्या डोळ्यांसमोर तीच अधिक असतात.

वेळेचे गणित

वर्गात स्पॅनिशच बोला, हा आग्रह का, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. शाळेचे वर्ष सुमारे १८० दिवसांचे. रोज ५० मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाला १५० तास होतात आणि दोन वर्षांचे ३००. अमेरिकी परराष्ट्र खात्याची जी संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविते, तिच्या अनुभवाप्रमाणे इंग्रजी भाषकास कामकाजापुरती स्पॅनिश येण्यास सुमारे ६०० ते ७५० तासांचे अध्यापन लागते. आणि तेही प्रौढ, पगारी व निवडक विद्यार्थ्यांच्या छोट्या वर्गात. तीस मुलांच्या शाळकरी वर्गात दोन वर्षांत त्याच्या फार तर निम्मा वेळ मिळतो. अशा स्थितीत त्या ५० मिनिटांतील ३० मिनिटे शिक्षक इंग्रजीतून व्याकरण समजावीत राहिला, तर भाषा कानावर पडणार केव्हा?

म्हणूनच परकीय भाषा शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१० साली शिफारस केली की, वर्गातील शेकडा ९० वा त्याहून अधिक वेळ शिकावयाच्या भाषेतच व्यवहार व्हावा. पत्रकात ही शिफारस नियमाचे रूप घेते. पाणी पिण्यास जावयाचे असले तरी स्पॅनिशमध्ये विचारावयाचे. प्रसाधनगृहात जाण्याची परवानगीही ‘पुएदो इर आल बान्यो?’ असे म्हटल्याखेरीज मिळत नाही. वर्षभरात दुसरे काही आले नाही तरी हे एक वाक्य प्रत्येक मुलाच्या तोंडी पक्के बसते, असे शिक्षक विनोदाने म्हणतात; त्यात तथ्य आहे. गरज असली की भाषा चटकन येते.

तथापि या नियमाला जोड लागते ती शिक्षकाच्या तयारीची. आपण जे बोलतो ते मुलांना चित्रांनी, हावभावांनी, परिचित शब्दांनी कळेल अशा बेताने बोलणे सोपे नसते. ऐकणाऱ्यास अर्थ लागेल अशीच भाषा डोक्यात मुरते, हे मत स्टीफन क्रॅशेन यांनी १९८० च्या दशकात मांडले आणि त्याचा शाळांवर मोठा प्रभाव पडला. न समजणारी भाषा नुसती कानावर आदळत राहिली, तर नियम पाळला जातो आणि मुले खिडकीबाहेर पाहू लागतात.

बोलण्याचे गुण

बहुतेक पत्रकांत चाचण्या, छोट्या तोंडी व लेखी परीक्षा, गृहपाठ आणि वर्गातील सहभाग असे गुणांचे वाटप दिलेले असते. शेकडा ९० च्या वर ‘ए’, ८० च्या वर ‘बी’ अशी उतरंड सर्वसाधारण आहे. हजेरी, वही, चुइंगम, भ्रमणध्वनी यांविषयीचे नियम सगळीकडे सारखेच. त्यांत विशेष काही नाही. आजारपणामुळे जितके दिवस बुडाले तितकेच दिवस राहिलेले काम पुरे करण्यास मिळावेत, हा संकेतही सर्वत्र आढळतो. ज्या मुलांना अपंगत्वामुळे अधिक वेळ वा अन्य सोय लागते, त्यांना ती देणे हे शिक्षकाच्या मर्जीवर नाही. १९७५ पासून त्याला कायद्याचा आधार आहे.

वादाचा मुद्दा आहे तो सहभागाच्या गुणांचा. बोलल्यावाचून भाषा येत नाही, म्हणून बोलण्याला गुण ठेवणे रास्त वाटते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या वयात चारचौघांत चुकीचे बोलण्याची जी लाज वाटते, तिचे काय? स्वभावतःच अबोल असलेले मूल भाषा उत्तम समजत असूनही गुण गमावते आणि वाचाळ मूल जुजबी शब्दांवर ते मिळविते. अनुभवी शिक्षक यातून वाट काढतात. सर्वांसमोर उभे करण्याऐवजी ते मुलांना दोघादोघांत बोलावयास लावतात आणि स्वतः वर्गातून फिरत ऐकतात. उत्तर चुकले तरी प्रयत्नाची नोंद होते. ‘चुकण्यास येथे मनाई नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य पत्रकांत हमखास असते. ते खरे ठरते की नाही, हे मात्र पहिल्या चुकीला वर्ग हसला की शिक्षक काय करतो, यावर अवलंबून असते.

उशिरा दिलेल्या गृहपाठाबाबतही मतभेद आहेत. दररोज काही टक्के गुण कापण्याची पद्धत जुनी आहे. श्रेणीने विद्यार्थ्याला काय येते एवढेच सांगावे, त्याचा वक्तशीरपणा त्यात मिसळू नये, असे अलीकडे काही शाळांत मानले जाते. भाषेच्या बाबतीत दोन्ही बाजूंत थोडा अर्थ आहे. रोज वीस मिनिटे केलेला सराव आठवड्याच्या शेवटी एकदम अडीच तास केल्याने भरून येत नाही. परंतु शाळेनंतर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्या मुलाचे कापलेले गुण त्याच्या स्पॅनिशविषयी काहीच सांगत नाहीत.

यंत्राने केलेले भाषांतर

प्रामाणिकपणाविषयीचा परिच्छेद पूर्वी दोन ओळींचा असे: दुसऱ्याची वही पाहून उतरू नये. २००६ मध्ये गूगलची भाषांतर-सेवा सुरू झाली, २०२२ च्या अखेरीस संभाषण करणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आणि तो परिच्छेद लांबत गेला. एखादा शब्द कोशात पाहणे मान्य. पूर्ण वाक्य यंत्राकडून करवून घेणे अमान्य, अशी रेषा बहुतेक शिक्षक ओढतात. पकडणे मात्र अवघड नसते. ज्या मुलाला अजून भूतकाळ शिकविलेला नाही, त्याच्या निबंधात संकेतार्थाची डौलदार वाक्ये आली, की शिक्षक त्याला जवळ बोलावून त्यांतील एका शब्दाचा अर्थ विचारतो. उत्तर येत नाही. काही शिक्षक शिक्षेच्या भानगडीत न पडता लेखन वर्गातच, कागदावर, हाताने करवून घेऊ लागले आहेत. हा मार्ग अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. संशयावर उभा राहिलेला वर्ग बोलका होत नाही.

येथे मराठी घरांतील मुलांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत वाढणारी पुष्कळ मराठी मुले हायस्कूलमध्ये स्पॅनिशच घेतात. ‘मला आंबा आवडतो’ हे इंग्रजीत सांगताना ‘मी’ कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणतात, म्हणजे मराठीप्रमाणेच आंबा कर्त्याच्या जागी आणि आपण ‘मला’. आंबे अनेक झाले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तसे तेथे ‘गुस्तान’ होते. इंग्रजी भाषक मुले या रचनेपाशी कित्येक महिने अडखळतात. नामांना लिंग असते, हेही मराठी कानाला नवे नाही. उलट तीनऐवजी दोनच लिंगे पाहून हायसे वाटावे. जवळच्यास ‘तू’ आणि आदराने ‘उस्तेद’ हा भेद तर घरातलाच. शिवाय पोर्तुगीजांच्या वाटेने मराठीत आलेले पाव, चावी, पगार हे शब्द स्पॅनिशमध्ये ‘पान’, ‘यावे’, ‘पागार’ अशा चुलत रूपांत भेटतात. शेवटल्याचा अर्थ तेथे ‘पैसे देणे’. ज्या घरात मराठी बोलणे टिकले आहे, तेथील मुलाला स्पॅनिशच्या वर्गात मिळणारा हा लाभ पालकांच्या ध्यानी क्वचितच येतो.

घरी स्पॅनिश बोलणारी मुले

सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो या मुलांचा. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यांची मुले पहिल्या वर्षाच्या वर्गात बसली की भराभरा बोलतात आणि लेखी चाचणीत मात्र स्वरचिन्हे व शुद्धलेखन यांत गुण गमावतात. आजीच्या तोंडून शिकलेला एखादा शब्द पुस्तकात नसतो आणि तो चूक ठरतो. मेक्सिको, पोर्तो रिको, अर्जेंटिना येथील बोली निरनिराळ्या आहेत. पाठ्यपुस्तक त्यांतील एकच वळण धरून चालते. म्हणून अनेक शाळांनी अशा मुलांसाठी स्वतंत्र वर्ग उघडले आहेत. तेथे बोलणे शिकवावयाचे नसते. वाचन, लेखन आणि औपचारिक भाषा यांवर भर असतो. जेथे स्वतंत्र वर्ग नाही, तेथे पत्रकातले एक वाक्य फार मोलाचे ठरते: घरचा शब्द चूक नाही, तो कोठे वापरावयाचा हे शिकावयाचे आहे.

या वाक्याला इतिहास आहे. टेक्सस राज्यातील मार्फा गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी ब्लॅकवेल नावाची वेगळी शाळा १९०९ ते १९६५ या काळात चालत असे. तेथे स्पॅनिश बोलण्यास मनाई होती. १९५४ साली मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहवून घेतले गेले आणि ‘श्रीयुत स्पॅनिश’ यांची अंत्ययात्रा काढून त्या चिठ्ठ्या शाळेच्या आवारात पुरण्यात आल्या. २००७ मध्ये माजी विद्यार्थी पुन्हा तेथे जमले आणि त्यांनी त्याच आवारात एक स्पॅनिश शब्दकोश समारंभपूर्वक जमिनीतून वर काढला. २०२२ च्या कायद्याने ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली.

त्या शाळेत शिकलेल्यांपैकी अनेकांनी पुढे आपल्या मुलांशी घरी स्पॅनिश बोलणे टाळले. त्यांच्या नातवंडांना आता ती भाषा तासिकेच्या घंटेबरोबर, पत्रकातील नियमांनुसार, पहिल्या धड्यापासून शिकावी लागते. कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्याने दोन भाषांत प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदविकेवर विशेष मुद्रा उमटविण्याची प्रथा सुरू केली आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती उचलली. ती भाषा स्पॅनिशच असावी असे बंधन नाही.

पत्रकाची छापील प्रत आता अनेक ठिकाणी दोन भाषांत निघते. इंग्रजी वाचता न येणारी आई स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून आपल्या मुलीच्या स्पॅनिशच्या वर्गाचे नियम स्पॅनिशमध्ये वाचते, एखादी ओळ मुलीला मोठ्याने वाचून दाखविते आणि खालच्या रेघेवर सही करते.