पायी परतलेल्यांच्या मनावरील आघात

८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून रेल्वेमार्गाने पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडनजीक मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. टाळेबंदीत गाड्या बंद असतील, या समजुतीने थकलेले ते जीव रुळांवरच झोपी गेले होते. तेथे विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र अनेकांच्या स्मरणात असेल. त्याच जथ्यातील काही सोबती मात्र बचावले. मृतांची मोजदाद झाली, वारसांना साहाय्य जाहीर झाले. बचावलेल्यांच्या मनाची नोंद ठेवणारे रजिस्टर कोठेच नसते.

टाळेबंदीच्या काळात एक कोटीहून अधिक स्थलांतरित श्रमिक स्वगृही परतल्याचे केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. या सर्वांनाच मनोविकार जडला, असे मुळीच नाही. अशा प्रसंगानंतरची भीती व निद्रानाश बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरतात. परंतु तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुनःपुन्हा उभा राहणे, झोपेतून दचकून उठणे, त्या वाटेचे नावही टाळणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकून नित्याच्या कामात अडथळा आणू लागली, तर तो आघातोत्तर विकार असू शकतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान दिले. ‘तो गेला, मग मीच का राहिलो?’ हा अपराधभाव बचावलेल्यांना विशेष छळतो. खेड्यातील रुग्ण मात्र हे बोलून दाखवीत नाही. डोके जड होणे, छातीत धडधडणे, हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी घेऊन तो आरोग्य केंद्रात येतो व वेदनाशामक गोळ्या घेऊन परततो. कोणी दारूचा आधार घेतो. घरच्यांना तेवढीच दिसते.

आघातानंतर माणसाला आधार कितपत मिळतो, यावर त्याचे सावरणे बरेचसे अवलंबून असते. २०२० मध्ये अनेक गावांनी वेशीवर काटेरी झुडपे टाकून आपल्याच माणसांना अडविले. शाळेच्या खोलीतील १४ दिवसांचे विलगीकरण साथीमुळे आवश्यक होते. त्यासोबतचा दुरावा आवश्यक नव्हता.

अशा व्यक्तीस घडलेला प्रसंग सांगण्याचा आग्रह करू नये. सहानुभूतीपोटी चारचौघांत केलेली चौकशीही जखम उघडी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत प्रथम पाहणे, मग ऐकणे आणि योग्य ठिकाणी जोडून देणे, एवढेच सांगितले आहे. हे काम ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती वा शिक्षकही करू शकतो. मूल एकच भीषण खेळ वारंवार खेळत असेल, किंवा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली असेल, तर शिक्षकाने शिक्षा न करता पालकांशी एकांतात बोलावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे पुढील उपचार मिळू शकतात.

ऊसतोडीहून वा वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबाची नोंद घेताना मजुरी व शिधापत्रिका विचारली जाते. वाटेत काही अपघात पाहिलेल्या घरात ‘झोप लागते का?’ हाही प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे.