गुहागरला निघण्याआधी

रहिमतपूर,
विजयादशमी

चि. अमोल यास,


दिवाळीला येतोयस आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या भावंडांना घेऊन गुहागर गाठणार, हे वहिनींकडून कळलं. जरूर जा. फक्त बार्सिलोनात दर रविवारी समुद्रात डुंबतोस, त्या भरवशावर जाऊ नकोस.

तुझा भूमध्य समुद्र जवळजवळ कोंडलेला. अटलांटिकशी त्याची गाठ पडते ती जिब्राल्टरच्या जेमतेम १४ किलोमीटरच्या चिंचोळ्या तोंडातून. त्यामुळे तिथे भरती-ओहोटीचा फरक वीतभर. सकाळी चादर पसरली की संध्याकाळपर्यंत तिथेच लोळावं. आपल्याकडे उधाणात पाणी सहा तासांत दोन-अडीच मीटर चढतं आणि पुढच्या सहा तासांत तेवढंच उतरतं.

कोकणातला हिशेब तोंडी आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तुमची तृतीया, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या नुकतीच सरलेली, तेव्हा उधाणही जोरात. पहाटे निघून कराड, पाटण, कुंभार्ली घाट करत तुम्ही दहा-अकराला पोचाल. मग व्याडेश्वराचं दर्शन, भरपेट जेवण, आणि तीन-साडेतीनला सगळी वरात पाण्यात. नेमकी ओहोटी लागलेली! तेव्हा क्रम बदला. दर्शन झालं की आधी पाणी, तेही कमरेच्या आतच, आणि जेवण मागून. दुपारी सुरूच्या सावलीत खुशाल ताणून द्या.

चढतं पाणीही भोळं नसतंच. पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघ. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी गुळगुळीत, जरा गढूळ दिसतंय, फेस आत चाललाय, तर तो पट्टा टाळ. नवखी माणसं ‘इथं शांत आहे’ म्हणून नेमकी तिथेच शिरतात. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे हातपाय मारत दमू नये. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करावा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकावं, ओढ संपली की तिरकं बाहेर यावं. आणि वाचवायला दुसऱ्यानं उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, काहीही फेकावं. एक मोठा कॅन आणि दोर गाडीत टाकच.

धाकट्या दोघांची मला जास्त काळजी. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पोरं ती. आपल्याला पोहता येतं, ही त्यांची पक्की समजूत. विहिरीत चार हात मारले की कठडा हाताला लागतो. त्यांना नजरेआड होऊ देऊ नकोस.

तिकडची एक सवय मात्र इकडे अवश्य आण. लाल झेंडा दिसला की तिथे तू पाण्यात पाय घालत नाहीस, शिट्टी वाजली की मुकाट बाहेर येतोस. इथे सूचनेच्या फलकाला टेकून फोटो काढतात आणि मग पाण्यात जातात! झेंडा, जीवरक्षक काही दिसलं नाही, तर तिथल्या मच्छीमाराला विचार. तो नको म्हणाला की विषय संपला.

गाडी वाळूत घालू नका. ओल्या वाळूत चाकं रुतली आणि वर भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

सूर्यास्त बघायचाच असेल तर मुक्काम करा, खोली आत्ताच ठरवून ठेव. दिवसभर उन्हापाण्यात दमलेल्या ड्रायव्हरनं रात्री कुंभार्ली घाट चढणं मला पसंत नाही.

तुझा,
काका