आपल्या नौदलाचे निशाण

भर समुद्रात वेस नसते, गावाची पाटी नसते. मग समोरून येणारे जहाज आपले की परक्याचे, हे ओळखायचे कसे? त्याच्या निशाणावरून. आपल्या लढाऊ जहाजांचे निशाण कसकसे बदलत गेले, ते आज आपण पाहू.

इंग्रजी अमलात हिंदी नौदलाच्या जहाजांवर इंग्रजांचेच निशाण असे. पांढरे कापड, त्यावर बेरजेच्या चिन्हासारखा मोठा तांबडा क्रूस आणि काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजांचा युनियन जॅक. क्रूस हे ख्रिस्ती बांधवांचे पवित्र चिन्ह. त्याचा आपण मानच राखतो. पण हा क्रूस संत जॉर्जचा, म्हणजे इंग्लंड देशाची खूण होती.

खलाशी आपले, घाम आपला, निशाण मात्र दुसऱ्याचे! त्यात भर म्हणजे निकृष्ट जेवण, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि वर शिव्या. शेवटी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या ठाण्यावर खलाशांनी संप पुकारला. बघता बघता तो इतर जहाजांवर पसरला. खलाशांनी इंग्रजी निशाणे उतरवली आणि काँग्रेसचे, मुस्लिम लीगचे आणि तांबडे अशी निशाणे चढवली. नोकरी जाईल, जीवही जाईल, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते कचरले नाहीत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण जहाजांवरचे निशाण काही लगेच बदलले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा कोपऱ्यातला युनियन जॅक गेला आणि तिथे आपला तिरंगा आला. तांबडा क्रूस मात्र तसाच राहिला. तो पुढे ५१ वर्षे राहिला.

१५ ऑगस्ट २००१ रोजी क्रूस काढला. त्या जागी नौदलाचे निळे चिन्ह घातले. पण झाले काय? आभाळ निळे, पाणी निळे, चिन्हही निळे. लांबून ते नीट दिसेना. न दिसणारे निशाण काय कामाचे? म्हणून २००४ साली क्रूस परत आला. त्याच्या मधोमध अशोकस्तंभाचे सिंह बसवले. २०१४ साली त्यांच्याखाली 'सत्यमेव जयते' ही अक्षरे आली.

मग २ सप्टेंबर २०२२ हा दिवस उजाडला. कोची येथे आपल्या देशातच बांधलेले 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज नौदलात दाखल झाले. त्याच दिवशी नवे निशाण आले. क्रूस गेला. कोपऱ्यात तिरंगा राहिला आणि पांढऱ्या कापडावर निळी अष्टकोनी आकृती आली. तिला दुहेरी सोनेरी कड आहे. ही कल्पना शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतली आहे. महाराजांनी आरमार उभारले, सिंधुदुर्गासारखे जलदुर्ग बांधले. त्याची ही आठवण. आठ कोन म्हणजे आठ दिशा. आत सिंह आहेत आणि त्यांच्याखाली जहाजाचा नांगर. 'वरुणदेव आमचे कल्याण करो' अशा अर्थाचे संस्कृत वाक्यही तिथे आहे.

ते वाक्य देवनागरी अक्षरांत आहे. निशाणाचे चित्र कुठे दिसले तर थांबा आणि ती अक्षरे लावून पाहा. आता ती तुम्हांला वाचता येतील.

प्रश्न
१. मुंबईच्या खलाशांनी १९४६ साली संप का केला?
२. २००१ सालच्या निशाणात कोणती अडचण आली?
३. आजच्या निशाणावर काय काय आहे? चित्र काढून दाखवा.