भूक, वाट आणि राक्षस : ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी ग्रंथाचा अभ्यास

कळवण परिसरातील मुलांना राक्षसकथा नवी नसते. सप्तशृंगगडाच्या कथेतील महिषासुर त्यांना लहानपणापासून परिचित असतो. त्या कथेचा शेवट असुराच्या वधाने होतो. वधावाचून राक्षसाचे दुसरे काही होऊ शकते काय, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो प्रश्न मनात जागवणारा एक प्रचंड ग्रंथ चीनमध्ये निर्माण झाला. ‘शी-यौ-ची’, म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’, हे त्याचे नाव. शंभर प्रकरणांच्या या अद्भुत कादंबरीची प्रसिद्ध मुद्रित आवृत्ती इ.स. १५९२ मधील असून तिचे कर्तृत्व सामान्यतः वू छंग-अन या लेखकाकडे दिले जाते. चीनच्या दृष्टीने पश्चिम म्हणजे बुद्धाची भूमी, अर्थात आपला भारत.

इतिहासातील यात्रिक

या कादंबरीचा नायक काल्पनिक नाही. तो आपल्या पाठ्यपुस्तकांतील ह्युएनत्संग होय. इ.स. ६२९ च्या सुमारास राजाज्ञा डावलून तो चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. त्याच्या चरित्रात अन्नपाण्याचे उल्लेख वारंवार येतात. वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि कित्येक दिवस घशाला थेंब मिळाला नाही. तुर्फानजवळच्या काओछांग राज्याचा राजा त्याला पुढे जाऊ देईना, तेव्हा त्याने अन्नत्याग केला आणि राजाला नमावे लागले. नालंदेत मात्र त्याच्यासाठी रोज फळे, सुपारी, जायफळ, कापूर आणि महाशाली नावाचा सुवासिक तांदूळ यांचा शिधा ठरवून दिलेला होता.

इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. त्या वेळी पुलकेशी दुसरा राज्य करीत होता. येथील लोक साधे, स्वाभिमानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे त्याने लिहिले. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू यांचीही नोंद त्याने केली. त्याने वर्णिलेली राजधानी म्हणजे नाशिक, असे काही अभ्यासकांनी मानले आहे.

याच प्रवाशाने भारताविषयी आणखी एक नोंद केली. खाटीक, कोळी, सफाई करणारे अशा लोकांची घरे गावाबाहेर असतात आणि गावात फिरताना त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागते, ही ती नोंद. वाळवंट आणि चोर-दरोडेखोर यांपासून जीव वाचवून आलेल्या माणसाने ही गोष्टही पाहिली होती. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आलेली वाट तेव्हाही किती अरुंद होती, हे त्यावरून समजते.

कादंबरीतील भूक

कादंबरीत या भिक्षूबरोबर तीन शिष्य आहेत : वानर सुन वूखोंग, वराहमुखी चू पाच्ये आणि नदीत राहणारा शा वूचिंग. घोडादेखील मुळात नागराजाचा पुत्र आहे. वाटेत एक्याऐंशी संकटे येतात आणि त्यांतील अनेकांचे कारण एकच असते. या भिक्षूचे मांस खाणाऱ्याला दीर्घायुष्य मिळते, अशी राक्षसांची समजूत असते. एकीकडे भिक्षू दारोदार भिक्षा मागून निरामिष अन्न घेतो. दुसरीकडे राक्षस त्यालाच अन्न समजतात. दिलेले तेवढे घेणारी भूक आणि दुसऱ्याचा जीव ओरबाडणारी भूक, असा हा सामना आहे.

सत्ताविसाव्या प्रकरणात हा सामना विशेष उठावदार होतो. भिक्षूला भूक लागते म्हणून वूखोंग फळे आणावयास जातो. तेवढ्यात हाडांची राक्षसीण तरुणीच्या रूपात अन्नाचे भांडे घेऊन येते. वूखोंग परतून तिच्यावर प्रहार करतो, तेव्हा भांड्यातील भाताच्या अळ्या झालेल्या दिसतात. पुढे ती आणखी दोन रूपे घेऊन येते. भिक्षू रूपाला भुलतो आणि अखेर आपल्या रक्षकालाच हाकलून देतो. देणाऱ्याचा हेतू न पाहता केवळ ताटाला भुलणे किती घातक, हे येथे कळते.

चिनी भाषेतील ‘येछा’, ‘लोछा’ आणि ‘मो’ हे शब्द आपल्या यक्ष, राक्षस आणि मार या शब्दांवरून आले. शब्दांबरोबर बौद्ध दृष्टीही गेली. म्हणून या ग्रंथात काही राक्षस मारले जात असले, तरी अनेकांना पुन्हा कामाला लावले जाते. भिक्षूला शिजवून खाऊ पाहणारा ‘लाल बालक’ अवलोकितेश्वराचा सेवक सुधन होतो. चू पाच्ये सदैव भुकेलेला असतो. ‘पाच्ये’ म्हणजे आठ संयम. त्याने वर्ज्य करावयाच्या आठ पदार्थांवरून ते नाव पडले. चिनी बौद्ध अष्टशीलासाठीही हाच शब्द वापरतात. शेवटी बुद्ध त्याला वेदीवरील नैवेद्य संपवून ती स्वच्छ करण्याचे काम देतात. त्याची भूक नाहीशी होत नाही. तिला मर्यादा आणि उपयोग मिळतो.

आपल्या लेण्यांतील साक्ष

हा विचार आपल्याकडे दगडात कोरलेला आहे. राजगृहातील मुले खाणारी हारीती हिचे धाकटे मूल बुद्धांनी लपवून ठेवले, तेव्हा तिला इतर मातांचे दुःख कळले. ‘मग मी खाऊ काय?’ या तिच्या प्रश्नावर, विहारांतून तुला रोज अन्न मिळेल, असे आश्वासन तिला देण्यात आले. सातव्या शतकातच भारतात आलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग सांगतो की, विहारांच्या भोजनगृहापाशी हारीतीची प्रतिमा असे आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवले जाई. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती मूल घेऊन बसली आहे आणि तिच्या आसनाखाली गुरुजी व विद्यार्थी यांची शाळा कोरलेली आहे. मुले खाणारी मुलांची रक्षक झाली, ती तिच्या भुकेची सोय लावल्यामुळे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने चार हजार कार्षापणांना शेत विकत घेऊन दान दिले. लेण्यात राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षुसंघाला त्यातून ‘मुखाहार’ मिळावा, हा त्याचा हेतू होता. कोणत्या दिशेने आलास, एवढाही भेद तेथे नव्हता.

आपले भोजनगृह

पाणवठा आणि पंगत नाकारणारी व्यवस्था हा आपल्या इतिहासातील खरा राक्षस होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० मधील सत्याग्रह आणि येवल्याची १९३५ मधील घोषणा याच जिल्ह्यात घडली. त्या संघर्षाचा रोजचा, शांत भाग निवासी शाळेच्या भोजनगृहात चालतो. निरनिराळ्या पाड्यांवरून आणि वस्त्यांवरून आलेली मुले एका ओळीत बसतात, नागलीची भाकरी वाटून घेतात, आणि शेजारी बसलेला कोण, हे विचारण्याची गरज त्यांना उरत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. शाळेला काही देण्याचे मनात आले, तर इमारतीवरील नावाआधी कोठीतील धान्याचा विचार करावा. उषवदाताने शेत दिले; आपण एका महिन्याची डाळ दिली, तरी तीही त्याच ‘मुखाहारा’त जमा होईल. मुलांची भूक वेळेवर आणि सन्मानाने भागली, तर ग्रंथांपर्यंतची पुढची वाट ती स्वतःच्या पायांनी चालतील.