चष्मा उतरवण्याआधी

देवळाली कॅम्पात तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या मुलाला लष्कराचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. बाबाही तोफखान्यातूनच निवृत्त झाले. माझा नंबर उणे साडेचार. अधिकारी व्हायचं तर चष्मा जायलाच हवा, म्हणून एकोणिसाव्या वर्षी घाईघाईनं लेसिक करून घेतलं. दुसऱ्या दिवशी लॅम रोडवरच्या पाट्या चष्म्याविना वाचल्या, तेव्हा आईचे डोळे भरून आले होते.

तीन वर्षांनी मुलाखतीत निवड झाली आणि मेडिकलला मी अनफिट ठरलो. मला दिसत होतं उत्तम. आड आली ती शस्त्रक्रियेच्या कागदावरची तारीख. पदवीनंतरच्या भरतीत लेसिक चालतं, पण शस्त्रक्रियेच्या वेळी वय विसाच्या पुढे हवं, नंतर किमान १२ महिने गेलेले हवेत, कॉर्नियाची जाडी किमान ४५० मायक्रॉन उरलेली हवी. ऑपरेशनआधी मला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही लष्करात जायचंय हे सांगितलं नव्हतं.

आता भरतीची तयारी करणारी मुलं मला विचारतात, कोणतं ऑपरेशन चांगलं? मी आधी त्यांच्या कॉर्नियाची जाडी विचारतो. सर्वसाधारण कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या आसपास असतो; नंबर जितका मोठा, तितका तो जास्त घासला जातो. पीआरकेत वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, नजर सावकाश येते, पण कॉर्नियाचा पापुद्रा कापलेला नसतो. लेसिकमध्ये तो कापून उचलतात आणि परत बसवतात. नजर लगेच येते. मात्र जोराचा मार बसला तर तो पुढे कधीही सरकू शकतो. कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यानं हे आधी डॉक्टरांशी बोलावंच. स्माइलमध्ये बारीक छेदातून आतली चकती काढतात, कोरडेपणा सहसा कमी राहतो. पातळ कॉर्नियाला तेही चालेलच असं नाही.

माझे डोळे पहिलं वर्षभर कोरडे राहिले. रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलच्या दिव्याभोवती काटेरी वलय दिसायचं.

नंबर वर्षभर स्थिर असेल तरच पुढचं बोला. कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस काढून ठेवा, नाहीतर मोजमाप चुकतं. बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्मा गेला तरी मोठ्या नंबरच्या डोळ्याचा पडदा नाजूकच राहतो.

मावसभाऊ अठराचा आहे. त्याला आधी चालू भरतीच्या जाहिरातीतली मेडिकलची पानं वाचायला लावली. सध्या तो दोरीनं चष्मा बांधून रोज पहाटे माझ्याबरोबर पळायला येतो.